अंधाराची घडण : 'ॲम्नीशिया' या खेळाच्या निर्मितीविषयी

स्वीडनच्या दक्षिण टोकाजवळील हेल्सिंगबोर्ग या बंदराच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समोर डेन्मार्कमधील हेल्सिंगॉर दिसते. मधली सामुद्रधुनी तेथे जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. शेक्सपिअरने 'हॅम्लेट'मधील एल्सिनोरचा किल्ला कल्पिला तो याच हेल्सिंगॉरला. त्या नाटकाचा आरंभ स्मरणीय आहे. कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्री, तटावर पहारा बदलत असतो आणि अंधारामुळे शिपाई एकमेकांस ओळखू शकत नाहीत. समोर आलेला आपलाच सोबती की आणखी कोणी, या शंकेने नाटक सुरू होते. मृत राजाचे पिशाच रंगभूमीवर यावयाच्या आधीच भय तेथे येऊन बसलेले असते.

या किल्ल्यासमोरच्या हेल्सिंगबोर्ग शहरात २००७ साली टॉमस ग्रिप आणि येन्स निल्सन या दोन तरुणांनी 'फ्रिक्शनल गेम्स' ही लहानशी संस्था स्थापन केली, आणि तीन वर्षांनी, ८ सप्टेंबर २०१० रोजी, तिने 'ॲम्नीशिया : द डार्क डिसेंट' हा संगणकावरचा खेळ प्रसिद्ध केला. दोन गोष्टींच्या या शेजाराला योगायोगापलीकडे काही अर्थ आहे असे नाही. परंतु भय दाखविण्याने निर्माण होते की न दाखविण्याने, हा जो प्रश्न त्या जुन्या नाटकाने पहिल्याच प्रवेशात निकालात काढला, तोच प्रश्न या खेळाच्या कर्त्यांना नव्या माध्यमात पुन्हा मुळापासून सोडवावा लागला. म्हणूनच त्यांच्या धडपडीचा इतिहास केवळ यंत्रविद्येच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होणे वाङ्मयसमीक्षेला परवडणारे नाही.

'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणजे जीव कसाबसा वाचवीत भयाच्या प्रदेशातून वाट काढण्याचा खेळ. हे नाव १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने काढलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'मुळे रूढ झाले. प्रकार मात्र त्याहून जुना आहे. त्याच कंपनीचा 'स्वीट होम' १९८९ चा, आणि फ्रान्समध्ये तयार झालेला 'अलोन इन द डार्क' १९९२ चा. पुढे १९९९ मध्ये आलेल्या 'सायलेंट हिल'ने धुक्यात बुडालेल्या एका निर्मनुष्य गावाला कथेच्या नायकाइतके महत्त्व दिले. या सर्व खेळांत शस्त्र असे, पण गोळ्या अपुऱ्या असत, आणि त्या अपुरेपणातून भय उत्पन्न होई. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' नंतर हे पारडे फिरले. गोळ्यांची ददात कमी झाली, शत्रूंची गर्दी वाढली, आणि भयाच्या जागी पराक्रमाची प्रतिष्ठापना झाली. खर्च जितका मोठा तितका ग्राहकवर्ग मोठा हवा, आणि मोठ्या ग्राहकवर्गाला असहायता विकणे कठीण, असे हे साधे व्यापारी गणित होते. मोठ्या कंपन्यांनी जी जागा अशी रिकामी केली तिच्यात लहान मंडळी शिरली.

फ्रिक्शनलच्या मंडळींचा पहिला प्रयत्न 'पेनम्ब्रा' या नावाचा. २००६ मध्ये तो एक छोटा नमुना म्हणून पुढे आला आणि त्यातून २००७ चा 'पेनम्ब्रा : ओव्हर्चर' हा पूर्ण खेळ वाढला. ज्या संगणकीय यंत्रणेवर तो उभा होता तिचे नाव त्यांनी 'एचपीएल' असे ठेवले. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या नावाची ही आद्याक्षरे होत. नारायण धारपांच्या कथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला लव्हक्राफ्टची जातकुळी परिचित असावी. अज्ञाताचे नुसते ओझरते दर्शनही माणसाची बुद्धी ढळविण्यास पुरेसे आहे, हे त्याच्या कथांचे सूत्र. ते सूत्र या संस्थेने नावापुरतेच घेतले नाही, हे पुढे दिसून येते.

'ओव्हर्चर'मध्ये खेळणाऱ्याच्या हाती हातोडा आणि कुदळ दिलेली होती. कर्त्यांचा हेतू असा की ही हत्यारे बोजड असावीत, ती चालविणे कठीण पडावे आणि माणसाने शक्यतो लढणे टाळून पळ काढावा. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. हातात हातोडा आहे म्हटल्यावर तो मारून पाहण्याचा मोह कोणालाही आवरेना, आणि मारणे अवघड ठेवलेले असल्यामुळे खेळणारे भ्यायच्या ऐवजी वैतागू लागले. कोपऱ्यात उभे राहून कुत्र्याला कसे बडवावे याची युक्ती एकदा सापडली की कुत्र्याचे भय उरत नसे. २००८ च्या 'ब्लॅक प्लेग' या दुसऱ्या भागातून त्यांनी लढाई जवळजवळ काढूनच टाकली. 'ॲम्नीशिया'त तर शस्त्र मुळीच नाही. शोभेच्या भिंतीवर तलवार टांगलेली दिसली तरी ती काढून घेता येत नाही. जे पुष्कळ दिवस उणे वाटत होते ते काढून टाकल्यावर कृती पूर्ण झाली, असा अनुभव कवीला येतो, कथाकाराला येतो. तो येथे यंत्रज्ञांना आला.

खेळाची कथा १८३९ च्या ऑगस्टमधील आहे. डॅनियल नावाचा एक इंग्रज तरुण प्रशियातील ब्रेनेनबर्गच्या किल्ल्यात जागा होतो. स्वतःचे नाव आणि लंडनमधले राहण्याचे ठिकाण यांपलीकडे त्याला फारसे काही आठवत नाही. थोड्याच वेळात त्याला त्याच्याच हातची चिठ्ठी सापडते : स्मृती नष्ट करणारे पेय त्याने बुद्ध्याच घेतलेले आहे, एक छाया त्याच्या पाठलागावर आहे, आणि किल्ल्याच्या गाभ्यात जाऊन त्याने अलेक्झांडर नावाच्या उमरावाला ठार मारावयाचे आहे. येथून पुढचा सर्व प्रवास खाली उतरण्याचा आहे. जसजसे तळघर खोल जाते तसतसे दैनंदिनीचे सुटे कागद हाती लागतात आणि एक गोष्ट उलगडत जाते. छायेपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी या डॅनियलने निरपराध माणसांचे हालहाल केलेले आहेत; आणि त्याला विसरावयाचे होते ते भय नव्हे, ते पातक होते. खेळणारा ज्याला इतका वेळ 'मी' म्हणत आला, ज्याच्या जिवाकरिता त्याने श्वास रोखून धरला, तो बळी नसून गुन्हेगार निघतो. कादंबरीत असे रहस्य उघड झाले की वाचक पात्रापासून दोन पावले मागे सरकतो. येथे मागे सरकण्यास जागा नाही, कारण कंदील अजून खेळणाऱ्याच्याच हातात असतो.

हा कंदील म्हणजे या खेळाचे खरे यंत्र. त्यात तेल थोडे. मेणबत्त्या पेटविण्यासाठी चकमकीच्या डब्या त्याही मोजक्या. अंधारात फार वेळ राहिले की डॅनियलचे चित्त ढळू लागते, दृश्य डोलू लागते, कानांत चमत्कारिक आवाज येऊ लागतात. उजेडात राहावे तर किल्ल्यात फिरणारी अमानुष आकृती त्याला पाहणार. बरे, ती आकृती नीट पाहून घ्यावी म्हटले तर तिच्याकडे पाहण्यानेही चित्त ढळते. म्हणजे डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून, कोपऱ्यात बसून राहावयाचे आणि पावलांचा आवाज दूर जाण्याची वाट पाहावयाची. व्हिडिओ गेम हे दृष्टीचे माध्यम. त्यात न पाहण्यालाच नियमाचे रूप देणे ही सामान्य युक्ती नव्हे. एडमंड बर्कने १७५७ मध्ये उदात्ततेची मीमांसा करताना अस्पष्टता ही भयाची आवश्यक अट म्हणून सांगितली होती. चित्रकार ती धूसर रंगांनी पुरी करी, लेखक संदिग्ध शब्दांनी. या मंडळींनी ती खेळणाऱ्याच्या स्वतःच्या मानेकडून करवून घेतली.

दारांचेही असेच. इतर खेळांत एक कळ दाबली की दार उघडते. येथे माऊसने दाराची कडी धरावी लागते आणि हात मागे-पुढे ओढून दार लोटावे लागते. शांतपणे फिरताना ही नुसती गंमत वाटते. पाठीमागे कोणी धावत येत असताना मात्र तेच दार उलट्या बाजूस ओढले जाते, हातातून सुटते, अर्धे लागून अडकते. घाबरलेल्या माणसाच्या हातांची त्रेधा दाखविण्यासाठी चलच्चित्राची गरज उरली नाही, कारण ती प्रत्यक्ष टेबलावरच होऊ लागली.

आता मुख्य प्रश्न. भरताने भयानक रसाचा स्थायी भाव भय सांगितला आणि विभावांत विकृत आवाज, कोल्ही-घुबडे, ओसाड घर, अरण्य यांची गणना केली. ब्रेनेनबर्गचा किल्ला त्या यादीवरून बांधला असावा असे वाटण्याइतके हे साम्य आहे. पण साम्य विभावांपुरतेच राहते की रसापर्यंत पोहोचते? अभिनवगुप्ताने भयानकाचे विवेचन करताना 'शाकुंतला'तील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. रथातून दुष्यंत पाठलाग करतो आहे आणि हरीण मान वळवून मागे पाहत धावते आहे. प्रेक्षकाला जाणवणारे भय हरिणाचे नव्हे, स्वतःचेही नव्हे. स्थलकालाच्या आणि 'मी-तू'च्या पाशातून सुटलेले ते केवळ भय आहे, आणि म्हणून ते आस्वाद्य आहे. या कसोटीवर खेळ उतरेल काय? येथे पळणारा तर खेळणाराच आहे. त्याचे भय साधारणीकृत नाही, खाजगी आहे, असा आक्षेप सहज घेता येतो, आणि तो बिनतोड वाटतो.

तथापि या मंडळींनी निर्मितीच्या ओघात जे शोधून काढले ते या आक्षेपाला निराळे वळण देणारे आहे. सुरुवातीचा त्यांचा आराखडा छोट्या छोट्या स्वतंत्र टप्प्यांचा होता, म्हणजे नेहमीच्या खेळांसारखा : हरलास तर पुन्हा पहिल्यापासून. तो मागे पडला. कारण मृत्यूची शिक्षा जितकी कडक तितके भय कमी, असे आढळून आले. एकदा मेलेला माणूस दुसऱ्यांदा तेथे येतो तो भयभीत होऊन नव्हे, तर हिशेब करून. राक्षस कोणत्या वळणावर उभा असतो, किती पावलांनी फिरतो, हे त्याला ठाऊक झालेले असते. शिवाय गेलेल्या वेळाची चरफड असते ती वेगळीच. वेताळपंचविशीच्या वाचकाला याचा पुरावा घरचाच आहे. राजा पहिल्यांदा प्रेत खांद्यावर घेतो तेव्हा स्मशान भयाण वाटते. सातव्या-आठव्या खेपेस वाचक स्मशान विसरलेला असतो आणि कोड्याची वाट पाहत असतो. तेथे ते इष्टच आहे. येथे ते घातक होते.

यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की, खेळणारा मेला तर त्याला फार मागे पाठवू नये, आणि परत आल्यावर राक्षस पुष्कळदा त्या जागी असूच नये, निदान पूर्वीच्या ठिकाणी नसावा. चित्त पुरते ढळले तरी डॅनियल मरत नाही; तो कोसळतो, आणि काही वेळाने पुन्हा सावरतो. म्हणजे ज्या चित्तभ्रमाची एवढी धास्ती घेऊन खेळणारा मेणबत्त्या पेटवीत सुटतो, त्याची प्रत्यक्ष शिक्षा फारच सौम्य आहे. ग्रिप यांनी पुढे हे उघडपणे सांगितलेही आहे की या यंत्रणेचा मोठा भाग खेळणाऱ्याच्या मनातच चालतो. खेळाच्या आरंभी तर स्पष्ट सूचनाच येते की हा खेळ जिंकण्याच्या हेतूने खेळू नये, त्या जगात रमून जावे. क्रीडेच्या इतिहासात ही विनंती विलक्षणच म्हटली पाहिजे.

अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत एक आहे स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे. हरण्याच्या दुःखात गुरफटलेला खेळाडू हा या विघ्नाचा जणू नमुनाच. 'ॲम्नीशिया'च्या कर्त्यांनी शिक्षा काढून घेतली ती दयाबुद्धीने नव्हे; खाजगी तोट्याचा हिशेब सुटल्याशिवाय भयाचा अनुभव शुद्ध राहत नाही, हे त्यांना प्रयोगाने कळले म्हणून. काश्मीरच्या त्या आचार्याचे नाव त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. म्हणूनच या साक्षीचे मोल अधिक. याचा अर्थ संगणकाचा खेळ नाट्याच्या पंक्तीला जाऊन बसला असे नव्हे. अलंकारशास्त्राची परिभाषा कोठेही चिकटवून एखाद्या नव्या वस्तूला प्रतिष्ठा देण्याचा छंद आपल्याकडे बराच बोकाळला आहे, त्यात भर घालण्याचे कारण नाही. इतकेच म्हणता येते की खेळणाऱ्याचे भय खाजगी असते हा आक्षेप सरसकट खरा नाही. ते खाजगी राहू नये यासाठी रचना करता येते, आणि येथे ती केलेली आहे.

कथालेखन मिकाएल हेडबर्ग यांचे, संगीत फिनलंडच्या मिक्को टार्मिया यांचे. संस्थेला त्या काळी एकत्र बसण्याचे कार्यालय नव्हते. हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसे आपापल्या घरून, इंटरनेटच्या साहाय्याने काम करीत. हेडबर्ग यांच्या लेखनाविषयी दोन मते संभवतात. दैनंदिनीचे कागद एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गद्याचा आव आणतात, आणि तो आव नेहमीच साधलेला नाही. काही ठिकाणी तर ॲन रॅडक्लिफच्या काळच्या भरजरी वाक्यरचनेची केवळ कसर लागलेली प्रत समोर येते. शब्द थांबतात आणि दूर कोठेतरी फळी करकरते तेथे खेळ आपल्या उंचीवर असतो.

पण याच ठिकाणी भारतीय भाषांतील लेखकाला थबकावेसे वाटेल. स्वीडिश ही सुमारे एक कोटी लोकांची भाषा. मराठी बोलणारे त्याच्या आठपट. तरीही स्वीडिश कर्त्यांनी हा खेळ स्वीडिशमध्ये लिहिला नाही. संवाद इंग्रजी, नायक इंग्रज, स्थळ प्रशिया. हेल्सिंगबोर्गची हवा, तेथील लोककथा यांचा मागमूस नाही. बाजारपेठेचा विचार करता यात अनुचित काही नाही, आणि गॉथिक कथेचा किल्ला १७६४ मधील होरेस वॉल्पोलच्या 'कॅसल ऑफ ओट्रांटो'पासूनच परदेशात बांधण्याची चाल आहे. तरीही भयाची मुळे माणसाच्या बालपणच्या भाषेत असतात. मराठी मुलाला 'मुंजा' या शब्दाने जे होते ते 'घोस्ट' या शब्दाने होत नाही. ज्या माध्यमात शब्दांवाचून इतके साधता येते त्या माध्यमाने आपल्या भाषेला असा सहज निरोप द्यावा, ही गोष्ट अनुवादाशी संबंध असलेल्या कोणालाही खटकल्यावाचून राहणार नाही.

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येईल, पण ती वगळता येणार नाही. एकंदर खर्च सुमारे ३ लाख ६० हजार डॉलर झाला. मोठ्या कंपन्यांच्या त्या काळच्या खेळांपुढे ही रक्कम नगण्य होती. प्रकाशक नव्हता. निर्मिती चालू असताना जुन्या 'पेनम्ब्रा'च्या विक्रीवर दिवस काढावे लागले. मे २०१० मध्ये पहिला 'हंबल इंडी बंडल' निघाला. अनेक स्वतंत्र खेळांचा तो एक गठ्ठा होता आणि ग्राहकाने त्याला वाटेल ती किंमत द्यावयाची होती. त्यात 'ओव्हर्चर'चा समावेश होता आणि त्या गठ्ठ्याची विक्री दहा लाख डॉलरांच्या वर गेली. 'ॲम्नीशिया'ची आगाऊ मागणी मात्र अगदी बेताची होती, आणि २,००० प्रतींचा आकडा गाठला जावा म्हणून कर्त्यांना जादा मजकुराचे आमिष दाखवावे लागले. पहिल्या महिन्यात सुमारे ३६ हजार प्रती खपल्या. जानेवारी २०११ पर्यंत हा आकडा दोन लाखांच्या जवळ गेला. २०१२ च्या सप्टेंबरात ग्रिप यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, सवलतीचे गठ्ठे धरून, तो सुमारे १३ लाख ६० हजार झाला होता आणि उत्पन्न खर्चाच्या दहा पटींहून अधिक होते. मध्यंतरी २०११ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये ध्वनियोजना आणि तांत्रिक गुणवत्ता यांसाठीची पारितोषिके मिळाली होती. ध्वनीला मिळालेला मान सर्वांत यथार्थ होता.

या यशाचे एक कारण कर्त्यांच्या योजनेत कोठेच नव्हते. खेळताना स्वतःचे भ्यालेले तोंड आणि किंकाळ्या चित्रित करून यूट्यूबवर घालण्याची प्रथा त्या सुमारास वाढीला लागली होती. 'प्यूडीपाय' या नावाने ओळखला जाणारा फेलिक्स केल्बर्ग हा दुसरा स्वीडिश तरुण याच खेळाच्या चित्रफितींमुळे प्रथम लोकांपुढे आला. एकट्याने, काळोखात, कानांवर श्रवणयंत्र लावून अनुभवण्यासाठी घडविलेली कृती अशा रीतीने सामुदायिक करमणूक बनली. पाहणारे हसत होते. भयानकाचे विभाव तेच; आश्रय बदलताच रस हास्य झाला. रसचर्चेला इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच मिळाला असेल.

पुढची हकीकत वळणावळणाची आहे. 'अ मशीन फॉर पिग्ज' हा दुसरा भाग २०१३ मध्ये 'द चायनीज रूम' या इंग्लंडमधील संस्थेने तयार केला. त्यात लेखनाची बाजू वरचढ, पण चित्तभ्रमाची यंत्रणाच काढून टाकलेली. त्यामुळे जुने खेळणारे नाराज झाले. २०१५ चा 'सोमा' समुद्राच्या तळाशी घडतो आणि माणसाचे 'मी'पण यंत्रात उतरविता येईल काय हा प्रश्न विचारतो. २०१७ मध्ये त्याला राक्षसांकडून मृत्यू येऊच शकणार नाही अशी एक सोय जोडण्यात आली. ज्यांना कथेसाठीच तेथे जावयाचे आहे त्यांच्यासाठी. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, २०२० च्या सप्टेंबरात, संस्थेने 'ॲम्नीशिया'चा मूळ संगणकीय मजकूर सर्वांसाठी खुला केला. चित्रे आणि ध्वनी त्यात नाहीत. मिळाली आहे ती रचना. संगणकाच्या कृती यंत्रे बदलली की वाचेनाशा होतात आणि त्यांचे आयुष्य पोथ्यांहूनही कमी असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दानाचे महत्त्व कळते.

२०२३ मध्ये याच मालिकेत 'द बंकर' निघाला. स्थळ पहिल्या महायुद्धातील फ्रेंच भुयारी ठाणे, नायक एक जखमी सैनिक, आणि उजेड पेट्रोलवर चालणाऱ्या जनित्राचा. तेरा वर्षांपूर्वी हातोड्यासकट सर्व हत्यारे काढून टाकणाऱ्या संस्थेने या सैनिकाच्या हाती पिस्तूल दिले आहे. गोळ्या इतक्या कमी की बहुतेक वेळ ते रिकामेच असते, आणि किती उरल्या हे पाहण्यासाठी अंधारात त्याचे चक्र उघडून हाताशी धरावे लागते.